काकासाहेब कालेलकर : चालत शिकलेला शिक्षक



पावसाळा आला की आपल्या कोल्हापुरात दरवर्षी एकच विषय निघतो. पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला मुलांना पाठवायचं का? दोन दिवसांची चाल, मसाई पठारावरचा वारा, करपेवाडी-पांढरेपाणीच्या बाजूचा चिखल, ओढ्यांना आलेलं पाणी. आई म्हणते नको, बाबा म्हणतात जाऊ दे, आणि मुलगा तोवर बूट घेऊन दारात उभा असतो. आता तर पालक त्याहून लांबचंही विचारायला लागलेत. दहावीनंतर हिमालयातल्या तळ्यांच्या ट्रेकला पाठवलं तर चालेल का? आठ दिवस तंबूत राहायचं, पाठीवर ओझं घेऊन चालायचं, यातून मूल नेमकं काय शिकणार?

उत्तर द्यायला आज मी तुम्हाला एका शिक्षकाची गोष्ट सांगणार आहे. ते आपल्या शेजारचेच. नाव दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर. पाठ्यपुस्तकात तुम्ही त्यांना आचार्य काकासाहेब कालेलकर म्हणून भेटला असाल. गांधीजींचे सहकारी, मोठे लेखक, एवढं आपल्याला पाठ असतं. पण हा माणूस घडला तो चालून चालून, हे मुलांना सांगायचं आपण विसरतो.

फिरतं बालपण

काकासाहेबांचा जन्म १ डिसेंबर १८८५ चा, साताऱ्याचा. घराणं मूळचं सावंतवाडीकडच्या कालेली गावचं, म्हणून कालेलकर. वडील सरकारी नोकरीत, हिशेबाच्या कामाचे. कामानिमित्त त्यांना आज या संस्थानात तर उद्या त्या गावी जावं लागे. घरातलं हे धाकटं मूल त्यांच्याबरोबर फिरे. कारवारचा समुद्र, सावंतवाडीची झाडी, जत-मिरजेकडचा कोरडा माळ, बेळगावजवळच्या बेळगुंदीची मार्कंडी नदी. आपल्याला जे भूगोलाच्या नकाशात भेटतं, ते या मुलाला बैलगाडीतून भेटलं.

एक गंमत बघा. सातत्याने शाळा बदलणाऱ्या मुलाचं नुकसान होतं, असं आपण धरून चालतो. होतंही. पण काकांच्या बाबतीत तोटा एका बाजूला झाला आणि जमा दुसऱ्या बाजूला. मराठी घरात, कोकणी-कानडी शेजारात वाढलेला हा मुलगा पुढे गुजरातीत असं लिहू लागला की गांधीजींनी त्यांना सवाई गुजराती ठरवलं. परक्या ठिकाणी गेल्यावर आधी कान उघडे ठेवायचे, ही सवय त्या फिरतीतली.

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १९०७ साली ते बी.ए. झाले. विषय तत्त्वज्ञान. तो काळ लाल-बाल-पाल यांचा. मग बेळगावच्या गणेश विद्यालयात शिक्षकी, मुंबईत राष्ट्रमत या दैनिकात काम, ते दैनिक बंद पडल्यावर बडोद्याचं गंगनाथ विद्यालय. बॅरिस्टर केशवराव देशपांडे यांच्या पुढाकाराने चाललेल्या या राष्ट्रीय शाळेत एक सुंदर पद्धत होती. मुलांनी शिक्षकांना सर म्हणायचं नाही, नात्याने हाक मारायची. कुणी मामा, कुणी अण्णा. कालेलकर झाले काका. आज आपण ज्या नावाने त्यांना ओळखतो ते नाव कुठल्या पदवीतून आलेलं नाही, एका शाळेतल्या मुलांच्या तोंडून आलेलं आहे.

सगळं बंद पडल्यावर

ही शाळाही टिकली नाही. सरकारची नजर वाकडी झाली आणि ती बंद करावी लागली. काकांचं वय तेव्हा २६ च्या आसपास. आधी वर्तमानपत्र बंद झालेलं, आता शाळा. घरी पत्नी, पदरात अगदी लहान मूल. पुढचा रस्ता दिसत नाही.

अशा वेळी १९१२ साली काका हिमालयात निघाले. मौज म्हणून नव्हे. मनात वैराग्य होतं, साधना करायची ओढ होती. परत यायचं की नाही हेसुद्धा पक्कं नव्हतं. बरोबर अनंतबुवा मर्ढेकर होते. प्रयाग, काशी, गया करत ते अल्मोड्याला पोचले. तिथे स्वामी आनंद सामील झाले. स्वामी आनंद जन्माने गुजराती पण मुंबईच्या गिरगावात मराठीत वाढलेले, लहानपणीच साधूंबरोबर गेलेले, राष्ट्रमत मध्ये काकांचे सहकारी राहिलेले. त्या वर्षी ते अल्मोड्याच्या शाळेत शिकवत होते. म्हणजे तिघांतल्या एकाला पहाडाची वाट, भाषा आणि माणसं आधीपासून माहीत होती. मोहिमेचा गट कसा असावा, याचा पहिला धडा इथेच आहे.

तिघे पायी निघाले. यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ, बदरीनारायण. शेकडो मैलांची चाल.

ती वाट कशी होती?

आज ऋषिकेशहून गाडी सुटते आणि बघता बघता तुम्ही गौरीकुंडाला असता. तिथून केदारनाथची चढण एका दिवसाची. हेलिकॉप्टरने तर काही मिनिटांत देवळापाशी. काकांच्या वेळी मोटारीचा रस्ता नव्हता. हरिद्वार सोडलं की पाय हेच वाहन. चारही धाम करायचे तर दीड-दोन महिने हाताशी हवेत.

त्या वाटेचं नियोजन मुलांना जरूर समजावून सांगा, कारण ते फार शहाणपणाचं होतं. वाटेवर थोड्याथोड्या मैलांवर चट्ट्या असत. चट्टी म्हणजे साधं छप्पर आणि एक दुकान. दुकानदाराकडून पीठ, डाळ, तूप घ्यायचं. त्याच्या बदल्यात तो रांधायला भांडी आणि झोपायला जागा देई, तिचं वेगळं भाडं नसे. त्यामुळे यात्रेकरूला ना भांडी वाहावी लागत, ना आठवड्याचा शिधा. पाठीवर घोंगडं, एखादी कपड्याची जोडी, लोटा, हातात काठी. ज्याच्याजवळ पैसे नसत त्याच्यासाठी बाबा काली कमलीवाल्यांची सदावर्तं आणि धर्मशाळा होत्या. पहाटे अंधारात निघायचं, ऊन चढायच्या आत टप्पा गाठायचा, दुपारी रांधून जेवायचं, जमलं तर संध्याकाळी आणखी थोडं चालायचं.

आपल्या वारीची आठवण झाली ना? आळंदीची पालखी पंढरपूरला जाते तीही अशीच. मुक्काम ठरलेले, विसावे ठरलेले, कुणी कुठे जेवायचं ते ठरलेलं. लाखो माणसं पोचतात, कारण रोजचा टप्पा म्हाताऱ्या माणसालाही झेपेल असा बेतलेला असतो.

धोकेही खरे होते. यात्रेच्या वाटांवर पटकी पसरे आणि माणसं वाटेतच जात. गंगोत्रीकडून केदारनाथला जाणारी जुनी पायवाट पंवालीच्या उंच माळावरून जाई, आणि तिथली चढण भल्याभल्यांना रडवी. यमुनोत्रीला एका बाजूला बर्फासारखं पाणी आणि दुसऱ्या बाजूला सूर्यकुंडाचं उकळतं. त्यात कापडात बांधलेला तांदूळ सोडला की भात होतो. यात्रेकरू तो प्रसाद म्हणून घेत, आजही घेतात. विज्ञानाच्या शिक्षकाने भूगर्भातल्या उष्णतेचा पाठ सुरू करायला याहून चांगलं उदाहरण शोधून दाखवावं!

उंचीचं गणित

इथे जरा थांबून आकडे बघू, कारण पालकांच्या काळजीचं उत्तर या आकड्यांत आहे.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. पन्हाळा हजार मीटरच्या आत. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच कळसूबाई १६४६ मीटर. आणि केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. अमरनाथच्या वाटेवरचं शेषनाग तळंही साधारण तेवढ्याच उंचीवर आहे. गढवालमधलं रूपकुंड तर पाच हजार मीटरच्या आसपास.

इतक्या उंचीवर हवा विरळ होते आणि प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. शरीर त्याची सवय करून घेतं, पण त्याला दिवस लागतात. म्हणून तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या झोपण्याच्या जागेची उंची सुमारे ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असं डॉक्टर सांगतात. डोकं दुखणं, मळमळ, तोल जाणं ही लक्षणं दिसली तर पुढे जायचं नाही. लक्षणं वाढली तर ताबडतोब खाली उतरायचं. इथे हिंमत दाखवून काही उपयोग नसतो.

आता काकांच्या चालीकडे परत बघा. सपाटीवरून निघून रोज थोडं थोडं चालत ती माणसं आठवड्यांनी वर पोचत. शरीराला सवय व्हायला वेळ मिळे. पाय हळू चालतात हीच त्यांची सुरक्षितता होती. आज दोन दिवसांत कोल्हापूरहून थेट उंचावर जाऊन तिसऱ्या दिवशी पाठीवर ओझं घेऊन चालायला लागणारं मूल मात्र ती सवय करून न घेताच चढत असतं. म्हणून ट्रेकची जाहिरात हातात आली की तळ्याचा फोटो नंतर बघा. कुठल्या दिवशी किती उंचीवर मुक्काम आहे आणि विसाव्याचा दिवस आहे का, ते आधी बघा.

परत येणं

काकांचं पुढे काय झालं? हिमालयाने त्यांना ठेवून घेतलं नाही. साधनेसाठी गेलेल्या माणसाला तिथेही देशाचं पारतंत्र्य सुटेना. एकट्यापुरता मोक्ष शोधण्यात मन रमेना आणि ते खाली उतरले. आचार्य कृपलानींबरोबर ब्रह्मदेशात जाऊन आले. १९१५ साली रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात शिकवत असताना गांधीजी तिथे आले आणि दोघांची भेट झाली. मग साबरमतीचा आश्रम, आश्रमाची शाळा आणि पुढे गुजरात विद्यापीठ.

या गोष्टीत एक बोचणारी बाजूही आहे आणि ती मुलांपासून लपवू नये असं मला वाटतं. काका हिमालयात होते तेव्हा घर कुणीतरी सांभाळत होतं. डोंगरात गेलेल्या माणसाची गोष्ट पुस्तकात येते, मागे राहिलेल्या बाईची येत नाही. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी पत्र पोचायलाही दिवसच्या दिवस लागत. म्हणून मोहिमेच्या नियोजनात मागे राहणाऱ्यांचा विचार आधी हवा. कुठे असणार, कधी परतणार, निरोप कसा मिळणार, हे घरी लिहून ठेवणं हा पोराच्या स्वातंत्र्यावरचा अंकुश नव्हे, ते त्याचं कर्तव्य आहे.

परत आल्यावर काकांनी जे केलं ते शिक्षकाचं काम. हा सगळा प्रवास त्यांनी लिहून काढला, तोही आधी आश्रमातल्या हस्तलिखित मासिकासाठी. पुढे १९२४ मध्ये त्याचं गुजराती पुस्तक झालं आणि मराठी वाचकांना ते हिमालयातील प्रवास म्हणून मिळालं. गंगा-यमुनेची उगमं पायी पाहिलेला हा माणूस नंतर भारतभरच्या नद्यांवर लिहीत राहिला. लोकमाता हे त्याचं फळ. त्यात लहानपणची मार्कंडी आहे आणि साताऱ्याची कृष्णाही आहे. हीच कृष्णा नरसोबाच्या वाडीला आपल्या पंचगंगेला पोटात घेते, हे मुलांना नकाशात बोट ठेवून दाखवा.

चालायची सवय लागलेल्या माणसाला तुरुंगात टाकलं तर? काकांना साबरमतीच्या तुरुंगात ठेवलं तेव्हा त्यांनी कोठडीतल्या मुंग्या, पक्षी, झाडं यांच्याकडेच प्रवाशाच्या नजरेने पाहिलं. उत्तरेच्या भिंती हे पुस्तक त्यातून आलं. पाय थांबले तरी डोळे चालत राहिले. आकाशातले तारे ओळखण्याचा त्यांचा नाद तर सहकाऱ्यांना ठाऊकच होता.

दुसरी मोठी चाल

आता १९३० सालाकडे चला. १२ मार्चला गांधीजी ७८ सोबत्यांसह साबरमतीहून दांडीला निघाले. सुमारे ३८५ किलोमीटर, २४ दिवस. आपण मुलांना मिठाचा सत्याग्रह शिकवतो आणि थेट मूठभर मिठापाशी येतो. मधले २४ दिवस गाळतो. पण ही चाल नीट बघितली तर तिच्यातही नियोजन दिसतं. रोज साधारण दहा-बारा मैल, सकाळी एक टप्पा, संध्याकाळी दुसरा. सोमवारी विसावा आणि मौन. मुक्कामाच्या गावांना आधीच कळवलेलं की जेवण साधं हवं, थाटमाट नको. गावाची लोकसंख्या, गुरं, चरखे, मिठाचा खप ही माहिती गावकऱ्यांनी काढून ठेवावी, अशी अपेक्षा.

मुख्य जथ्याच्या पुढे एक तुकडी जात असे, अरुण तुकडी. ती गावोगावी जाऊन व्यवस्था लावी, माहिती गोळा करी. या तुकडीत कोण होते माहीत आहे? गुजरात विद्यापीठाचे विद्यार्थी. आणि त्या वेळी विद्यापीठाची धुरा होती काकासाहेबांकडे. इतकंच नाही, दांडीला चालत गेलेल्या त्या निवडक लोकांत काकांची दोन मुलं होती, सतीश आणि बाळ. ज्यांच्या लहानपणी वडील डोंगरात निघून गेले होते, ती मुलं आता स्वतः चालायला निघाली, आणि या वेळी कुणीही कुणाला सोडून निघालेलं नव्हतं. काकांनाही त्या लढ्यात अटक झाली आणि येरवड्याला गांधीजींच्या सहवासात काही महिने राहायला मिळालं.

स्वातंत्र्यानंतर काका राज्यसभेत गेले. १९५३ साली नेमलेल्या पहिल्या मागासवर्गीय आयोगाचे ते अध्यक्ष होते. १९६४ ला पद्मविभूषण, १९६५ ला साहित्य अकादमीचा पुरस्कार. जपान, आफ्रिका असे दूरदूरचे प्रवास म्हातारपणापर्यंत चालूच. २१ ऑगस्ट १९८१ ला, पंचाण्णव वर्षांचं आयुष्य जगून ते गेले.

केदारनाथच्या वर चोराबारी हिमनदीच्या पायथ्याशी एक तळं होतं. काका तिथे गेले तेव्हा गांधीजी अजून दक्षिण आफ्रिकेत होते. १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचा काही भाग त्या तळ्यात विसर्जित झाला आणि लोक त्याला गांधी सरोवर म्हणू लागले. जून २०१३ च्या अतिवृष्टीत त्याच तळ्याचा बांध फुटला आणि केदारनाथवर हाहाकार झाला. डोंगरातलं तळं फोटोत दिसतं तितकं शांत नसतं. पाऊस, बर्फ, हिमनदीने आणलेला ढिला दगडगोटा यांवर ते टेकलेलं असतं. त्याच्या काठी जाणाऱ्याने हवामान विचारूनच जावं आणि तिथे काही घाण करून येऊ नये. बुग्याळ म्हणजे उंचावरची गवताळ कुरणं. त्यांची नासाडी थांबावी म्हणून उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ साली तिथे रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली, हेही मुलांना सांगायला हवं.

मग पाठवायचं का?

माझं उत्तर : पाठवा, पण बेत मुलाला करू द्या.

पैसे भरून, पिशवी भरून, मुलाला गाडीत बसवून दिलं तर मूल फक्त जाऊन येतं. त्यापेक्षा महिनाभर आधी त्याला वही द्या. रोज किती चालायचं, कुठे झोपायचं, पाणी कुठे, पाऊस आला तर काय, एखादा आजारी पडला तर मागे कुठून फिरायचं, हे त्याने लिहावं. पाठीवर काय घ्यायचं याची यादी त्याने करावी. मग ती सगळी वस्तू पिशवीत भरून रंकाळ्याला एक फेरी मारावी आणि घरी येऊन यादीतलं काय खोडायचं ते त्यानेच ठरवावं. आधी जोतिबाचा डोंगर, मग पन्हाळा-पावनखिंड, हिमालय त्यानंतर. बरोबर वाट माहीत असलेला एक तरी जाणकार हवाच, काकांना स्वामी आनंद होते तसा.

शिक्षक मित्रांनो, आपल्या वाट्याचं काम परत आल्यावर सुरू होतं. मुलांकडून लिहून घ्या. निबंधाचे ठरलेले मुद्दे देऊ नका. काय दिसलं, कुठे भीती वाटली, कुणी हात दिला, एवढंच विचारा आणि वर्गाचं एक हस्तलिखित काढा. काकासाहेबांचं गाजलेलं पुस्तक सुरुवातीला अशाच एका हस्तलिखितात होतं.

तुमच्या शाळेने अशी मोहीम काढली असेल तर मुलांनी केलेली सामानाची यादी आणि त्यातून खोडलेल्या वस्तू जरूर कळवा. इतर शाळांना त्याचा उपयोग होईल.